राणीच्या पावलांचं गवत

एका राज्यात एक बाग होती, आणि त्या बागेत पान म्हणून गळत नसे. बाहेर शिशिर यायचा, रस्त्यावरचे पिंपळ उघडे पडायचे. पण बागेच्या भिंतीशी आला की वारा, कुणी दाराबाहेर चपला काढून उभा राहावा तसा थांबायचा. आत सगळं हिरवंगार. मोगऱ्यावर कळ्या होत्या, त्या उमलत नसत. गवत बोटभर होतं, ते वाढत नसे. परमुलखाचे लोक बघायला येत, तोंडात बोट घालत आणि घरी जाऊन सांगत, बाग बघावी तर भद्रकेतू राजाची.

पण ती बाग पहिल्यापासून अशी नव्हती. आधी ती राणी कुंदावतीची होती. दसरा झाला की राणी मेंदीचं कुंपण कातरायची. थंडी पडली की मोगऱ्याचं पाणी तोडायची. उन्हाळ्याच्या तोंडी हिरवळ कापून तिच्यावर चाळलेलं खत पसरायची. पदर खोचलेला, नखांत माती. राजा ओट्यावर बसून हसायचा.

"राणीसरकार, राज्यातले माळी संपले काय?"

ती मान वर न करता म्हणायची, "माळी पुष्कळ आहेत. पण झाडांना आपला हात कळतो. तुम्हीही या ना जरा खाली."

"उद्या येतो," राजा म्हणायचा. आणि त्याचा तो उद्या काही उजाडला नाही.

एके दिवशी सकाळी दंव पडलं होतं. राणी अनवाणी गवतातून मोगऱ्यापर्यंत गेली, कळ्या निरखल्या, आणि परत येऊन म्हणाली, "जरा पडते." दिवस मावळायच्या आत ती गेली. वैद्य आले तसे परतले. राजा बाहेर आला तर गवतात तिची पावलं तशीच उमटलेली होती, ओट्यापासून मोगऱ्यापर्यंत. त्यानं बघितलं, की कडेची एक काडी हळूहळू वर उठते आहे. उद्यापर्यंत सगळं गवत उठणार, आणि राणी इथून चालत गेली होती हे कुणाला खरं वाटणार नाही.

राजा तिथून हलला नाही. त्यानं कालकंठ मांत्रिकाला बोलावणं धाडलं.

"हे पाऊल उठू देऊ नकोस," राजा म्हणाला.

मांत्रिक वाकून बघत राहिला. "राजा, एक काडी थांबवता येत नाही. थांबली तर सगळी बाग थांबेल."

"थांबू दे."

"बागेत जे असेल ते सगळं."

"थांबू दे म्हटलं ना! काय हवं ते माग."

"राणीची हत्यारं दे."

राजानं खुरपं, कोयती आणि विळा काढून दिला. मांत्रिकानं हवेत तीन गाठी मारल्या. वर उठणारी काडी जागच्या जागी थबकली. राजा गवताशेजारी बसून रडला आणि त्याला बरं वाटलं.

राजकन्या बकुळा त्या वेळी बागेतल्या आंब्याखालच्या झोपाळ्यावर निजलेली होती. तिला कुणी उठवलं नव्हतं. कसं उठवणार, काय सांगणार? ती जागी झाली तेव्हा खालचा दात हलवत म्हणाली, "बाबा, आज हा पडणार. आई कुठंय?"

"आई निजलीय, बाळ," राजा म्हणाला.

आता बघा, मनात काही खोट नव्हती. एका दिवसापुरती म्हणून सांगितलेली गोष्ट होती. पण तो दिवस पुढे सरला नाही. दुसऱ्या दिवशी बकुळेनं तेच विचारलं, आणि राजानं तेच सांगितलं. असे ऋतू गेले, वर्षं गेली. प्रधानाची मुलगी गोदू रोज खेळायला यायची. ती उंच झाली, मग साडी नेसून आली, मग यायची थांबली. बकुळा तेवढीच राहिली. दात हलत राहिला.

राजा मात्र भिंतीबाहेर झोपायचा, भिंतीबाहेर राज्य करायचा. त्याची दाढी पांढरी झाली. रोज सकाळी तो पावलांजवळ येऊन बसे आणि त्याचा जीव थंड होई. मग एक दिवस गोदू माहेरी आली, कडेवर लेक घेऊन. लेकीला गवतात सोडलं. दोघी पोरी खेळल्या. जाताना गोदूनं राजाकडे वळून बघितलं. ती गेल्यावर बकुळा म्हणाली, "बाबा, या गोदूचे केस का हो पांढरे व्हायला लागलेत?"

भिंतीबाहेर नेली तर वाढेल, म्हणून राजानं लेकीला उचललं आणि बागेच्या फाटकाकडे धावला. उंबरा ओलांडला मात्र, तिची मान खुडलेल्या फुलासारखी खांद्यावर पडली. तो तसाच मागे फिरला. आत आल्यावर तिनं डोळे उघडले. "आज पडणार हं दात," ती म्हणाली.

राजानं तिला खाली उतरवलं. फाटकाच्या खांबावर एक तांबट पक्षी होता, हिरवा, कपाळावर लाल टिळा. टुक टुक करत तो बोलला, "समजलं एकदाचं? मी कधीपासून ठोकतोय."

"तुला काय झालं रे?"

"मला? मी वाळक्या फांदीत घर कोरतो. तुझ्या बागेत एक काटकी वाळत नाही. माझ्या आजोबापासून आम्ही भिंतीबाहेर बिऱ्हाड थाटलंय. जिथं वाळत नाही तिथं कुणाचं घर होत नाही, राजा."

"मग उपाय सांग."

"हत्यारं जिथं गेली तिथं जा. चल, वाट दाखवतो. पण पायी यायचं. घोड्यापुढं उडायचं माझं वय नाही."

राजानं मुकुट प्रधानाजवळ ठेवला आणि निघाला. माळ तुडवले, घाट चढला, एक नदी उतरला. डोंगराच्या पोटात कालकंठाची गुहा होती. मांत्रिकही म्हातारा झाला होता. चुलीवर कसलीशी पेज ढवळत बसला होता.

"शाप मागे घे," राजा म्हणाला.

"मी शाप दिला नाही. तू मागितलंस ते दिलं."

"माझी लेक वाढत नाही."

"मी सांगितलं होतं, बागेत जे असेल ते. तू ऐकलं नाहीस, कारण तुला त्या वेळी पावलांशिवाय काही दिसत नव्हतं." त्यानं पळी खाली ठेवली. "गाठी तीन आहेत. पहिली तहानेची, दुसरी धारेची, तिसरी पावलांची. ज्यानं मारायला लावल्या त्याच्याच हातानं सुटतील, आणि तिच्याच हत्यारांनी. एक जरी राहिली तरी बाकीच्या पुन्हा बसतील."

"तिसरी सोडली तर माझ्यापाशी काय उरेल?"

"ते मला काय ठाऊक? मी मांत्रिक आहे, बागवान नाही." त्यानं कोपऱ्यातलं गाठोडं पुढे सरकवलं.

गुहेत काळ थांबलेला नव्हता. पात्यांना गंज चढला होता, मुठी वाळवीनं खाल्ल्या होत्या. वाटेत एका गावच्या लोहारानं पाती तापवून धार लावली. त्यानं राजाला ओळखलं नाही.

"काय आजोबा, आजीची हत्यारं वाटतं?"

"कशावरून?"

"उरलेली मूठ लहान आहे. बाईमाणसाच्या हाताची. मोठी मूठ बसवू का?"

"नको," राजा म्हणाला. "होती तेवढीच बसव."

परत आला तेव्हा थंडी पडली होती, म्हणजे भिंतीबाहेर. राजानं मोगऱ्याकडे जाणारा पाट मातीनं बुजवला, गुडघे टेकले आणि खुरप्यानं मुळं उघडी करायला घेतली. लहान मूठ त्याच्या पंजात मावेना.

"असं नाही हो बाबा," बकुळा म्हणाली. "तुम्ही तर झाडाला उपटायलाच निघालात. आई बाजूबाजूनं उकरते. कालच मी बघितलं."

राजानं खुरपं थांबवलं. त्याला आठवायला वर्षं उपसावी लागत होती, आणि हिच्यासाठी तो काल होता. "मग तूच सांग," तो म्हणाला. "आणखी काय म्हणते आई?"

"म्हणते, तहान लागल्याशिवाय याला फुलायचं सुचत नाही."

मुळांना ऊन लागलं. दिवस गेले आणि मोगरा मलूल झाला, पानं पिवळी पडली. या झाडाला राजानं एक दिवस कोरडं ठेवलं नव्हतं. एका दुपारी त्याला राहवेना. तो तांब्या भरून झाडाशी उभा राहिला.

"ओत, ओत," वरून तांबट म्हणाला. "आणि बस पुन्हा आहेस तिथं."

राजा मागे सरला. त्यानं तांब्या खाली ठेवला. तेवढ्यात एक पान देठापासून सुटलं, गिरक्या घेत आलं आणि त्याच्या पायाशी पडलं. सगळ्या राजवाड्याला त्याचा आवाज ऐकू गेला. मग आंब्यानं, बकुळीनं, चाफ्यानं, साऱ्यांनीच इतकी वर्षं धरून ठेवलेली पानं सोडली. बकुळा कमरेइतक्या पाचोळ्यात नाचली. राजानं एक पान जाळू दिलं नाही. खड्डा केला, पाचोळ्याचा एक थर, शेणाचा एक थर, कुंदावती रचायची तसं रचलं. पहिली गाठ सुटली.

मग त्यानं कोयती उचलली. मोगऱ्यावर त्या कळ्या अजून होत्या. ज्या कळ्यांकडे राणी अखेरचं बघून गेली, त्याच कळ्या. छाटायचं म्हणजे त्यांच्यासकट छाटायचं. राजानं कोयती एका फांदीला आडवी लावली.

"आई सरळ नाही कापत," बकुळा म्हणाली. "तिरकं. कोंब फुटतो त्या डोळ्याच्या जरा वर. आणि डोळा बाहेरच्या अंगाचा बघायचा, म्हणजे नवी फांदी मोकळी वाढते."

त्यानं तिरका घाव घातला. फांदी तुटली, हिरवा वास सुटला आणि कळ्या मातीत पडल्या. आकाश कोसळलं नाही. दुसरा घाव सोपा गेला. मेंदीचं कुंपण त्यानं कमरेइतकं आणलं. आंब्याची एक फांदी आता वाळली होती, तिलाही कोयती लावणार, तेवढ्यात तांबट ओरडला, "ती माझी!"

"राहू दे तुझी," राजा हसून म्हणाला. किती वर्षांनी हसला, त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग मुळांवर खतमाती लोटली, पाट फोडला, आणि पाणी आलं. दुसरी गाठ सुटली.

ऊन तापू लागलं. मोगऱ्याला पालवी फुटली, गवत सरसरून वाढलं आणि बकुळेच्या गुडघ्याला लागलं. फक्त पावलं तेवढी दबलेली राहिली, उंच गवतात छोट्या विहिरी असाव्यात तशी. खड्ड्यातला पाचोळा काळाभोर मऊ झाला होता. राजानं विळा घेतला आणि ओट्यापासून कापत निघाला. पहिल्या पावलाशी आला आणि थांबला.

बकुळा आडवी आली. "इथं नको, बाबा! हे आईचं पाऊल आहे. आई उठली की रागावेल."

राजानं विळा खाली ठेवला. तिला जवळ घेतलं, मांडीवर बसवलं. उसासा टाकला आणि म्हणाला, "बकुळे, मी तुला खोटं सांगितलं. आई निजलेली नाही. ती गेली, बाळ. ती आता उठणार नाही."

"कधी?"

"तू झोपाळ्यावर होतीस ना, तेव्हा."

पोरीनं झोपाळ्याकडे बघितलं. मग तिनं टाहो फोडला. इतक्या वर्षांचं रडणं होतं ते. आंब्यावरचे पक्षी उडाले. राजानं तिला रडू दिलं, उगी म्हटलं नाही. पुष्कळ वेळानं तिनं त्याच्या उपरण्याला नाक पुसलं आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"कापू या," ती म्हणाली. "आई म्हणते, वाढलेलं ठेवलं की खालचं पिवळं पडतं."

त्या लहान मुठीवर आता दोन हात नीट बसले. दोघांनी मिळून पाऊल न् पाऊल कापलं, मोगऱ्यापर्यंत. वर काळं खत चाळून पसरलं. दिवस कलला. कुठून तरी वारा आला, आत आला, आणि त्याच्यासंगे वास आला. मोगऱ्याची पहिली कळी उमलली होती.

"बाबा!" बकुळेनं तळहात पुढे केला. त्यावर तांदळाएवढा दात होता.

फाटकातून बाप-लेक बाहेर पडली. तिची मान ताठ राहिली. राजवाड्याच्या कौलांवर दात भिरकावून ती हसली, तर तोंडात एक खिडकी.

त्यानंतर ती वाढली, जशा सगळ्यांच्या लेकी वाढतात, बघता बघता. बागेत पानं गळू लागली आणि लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं. परमुलखाचे लोक यायचे थांबले. तांबटाची पिलं आंब्याच्या वाळक्या फांदीतून डोकं काढून बघायची.

राजा पुरता थकला. ओट्यावर बसू लागला. एका सकाळी त्यानं पाहिलं, दंव पडलंय आणि गवतात पावलं उमटलीत, ओट्यापासून मोगऱ्यापर्यंत. तीच लांबी, तीच ठेवण. मोगऱ्याशी बकुळा होती, पदर खोचलेला, हातात खुरपं.

"बाबा," मान वर न करता ती म्हणाली, "या ना जरा खाली."

राजा काठी टेकत उठला. गवतातून चालत गेला, लेकीशेजारी बसला आणि माती उकरू लागला. बाजूबाजूनं. ऊन वर आलं, आणि दोघांच्या मागे गवत काडी काडी करत उठून उभं राहिलं. त्यानं वळून बघितलं नाही.

जशी त्या बागेत ऋतूंना वाट मोकळी झाली, तशी ती तुमच्या-आमच्या परसातही मोकळी राहो.