सात आसने आणि एक विडा

एका राज्यात, चैत्र शुद्ध दशमीला, भर मध्यान्ही, दरबारात नगारा वाजला आणि सातही प्रधान आसने बदलण्यासाठी उठून उभे राहिले. त्याच घटकेला सात कोसांवर, नदीच्या अर्ध्या पुलावर, शिक्क्याचा एक हुकूम येऊन पडला: काम जिथे आहे तिथे थांबवा. त्या राज्याचा शिक्का आसनावर बसलेला प्रधान उमटवी, आणि त्या शिक्क्यात मंत्र होता. काम थांबले, तशी कामावरची सतरा माणसेही जिथल्या तिथे थांबली. दगड झाली. त्यांत हातात थापी धरलेला हरबा गवंडी होता.

हरबाची बायको साळू त्याच नदीवर नाव चालवी. तिने दगडाच्या हातावर हात ठेवून पाहिला, नाव खुंटीला बांधली आणि राजधानीची वाट धरली.

वाटा-पुलांच्या आसनावर एक मोरतुरे बसले होते. त्या दरबारात दोन पक्ष होते. एकाच्या पागोट्यावर मोराचा तुरा, दुसऱ्याच्या बगळ्याचा. तुरे सोडले तर दोघांत डावे-उजवे करणे कठीण.

"पुलाचं काय केलंत?" साळूने विचारले.

"कोणता पूल? मी कालच आलो. आधीच्यांना विचार."

"आधीचे कुठे आहेत?"

"ते काय, समोर. पण ते आता धान्यकोठाराचे प्रधान. त्यांना पूल आठवत नाही."

पुढल्या महिन्यात साळू पुन्हा गेली, तर आसनावर बगळेतुरे. त्याच्या पुढल्या महिन्यात तिसरेच कोणी. पक्ष रुसले की राजा धवलसेन आसने बदली. रुसवा जाई, पूल राही. चौथ्या खेपेला साळू दरबाराच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "यांच्यापेक्षा माझी नाव बरी. निदान ती पलीकडे तरी जाते."

तुळईवर एक म्हातारी मैना होती. ती खाली उतरली.

"बाई, ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच आठवत नाही. पूर्वी इथे रीत होती. उठणाऱ्याने बसणाऱ्याच्या हाती विडा द्यायचा आणि तीन गोष्टी सांगायच्या: काय केलं, काय बिघडलं, काय उरलं. मग हे दोन पक्ष झाले. बगळ्याने मोराच्या हातचा विडा घेतला नाही, विडा भुईवर पडला. दरबाराच्या रीती सांभाळणारा मांत्रिक म्हणाला, तोंडाने सांगायची लाज वाटते ना? मग आठवणारही नाही. तेव्हापासून जो आसनावरून उठतो, तो विसरतो."

"उतारा?"

"कोणत्याच पक्षाचा नसलेला विडा. पान राक्षसाच्या वेलीचं, सुपारी वाढत्या झाडाची, चुना मगरीच्या तळ्यातल्या शिंपल्याचा."

साळू प्रथम राक्षसाकडे गेली. तो वेलीखाली आडवा पसरला होता.

"तुरा कोणता?" त्याने गुरगुरून विचारले.

"मी नाव चालवते. नावेत दोन्ही तुरे बसतात. मधोमध आलं की दोन्ही सारखेच थरथरतात."

राक्षस शंभर वर्षांनी हसला. हसता हसता वेल हलली आणि एक पान तिच्या ओटीत पडले.

सुपारीचे झाड असे, की चढावे तितके वाढावे. वर अर्ध्यात कितीतरी जण लोंबकळत होते, खाली बघायला तयार नव्हते. साळू चढलीच नाही. बुंध्याशी भाकरी सोडून बसली. तीन दिवसांनी झाडालाच राहवले नाही.

"वर का येत नाहीस?"

"मला वर काही काम नाही. सुपारी हवी आहे."

असे उत्तर झाडाने कधी ऐकले नव्हते. ते वाकले आणि सुपारी तिच्या हातावर ठेवून पुन्हा सरळ झाले.

तळ्यातली मगर वयाने सर्वांत मोठी. ती म्हणाली, "शिंपला देईन. आधी तू काय बिघडवलंस ते सांग."

साळू काठाशी टेकली. "पूल झाला की माझी नाव बसणार. त्या सकाळी मी भांडले. घरधन्याला म्हटलं, तुमचा पूल कधी पुरा न होवो."

"दरबारात हे सांगायला सात जणांना जमलं नाही," मगर म्हणाली आणि तळाशी जाऊन शिंपला घेऊन आली.

साळूने शिंपला भाजला, चुना विरवला, विडा लावला आणि दरबारात पोचली, तो नगारा वाजतच होता. पाचवा फेरा. सगळे उठण्याच्या बेतात होते. तिने विडा वाटा-पुलांच्या प्रधानाच्या हातात ठेवला. ते होते मोरतुरे. घेणारे बगळेतुरे. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघांचेही हात कोपरात आखडले.

"हात पुढे करा," साळू म्हणाली. "नावेत चढताना करता तसा. तेव्हा कोणाचा हात आहे ते बघता का?"

राजा गालात हसला. बगळेतुऱ्यांनी हात पुढे केला. मोरतुरे अडखळत बोलू लागले. "केलं काहीच नाही. बिघडलं बरंच. उरला आहे तो... पूल. नदीवर एक पूल आहे. सतरा माणसं आहेत." सांगता सांगता त्यांना सारे आठवले आणि ते मटकन खाली बसले, पण आसनावर नव्हे, भुईवर. मग तोच विडा हातोहात सात आसने फिरला. कोणाला विसरलेली विहीर आठवली, कोणाला कुलूप घातलेली शाळा. सातव्याचे बोलणे संपले तसा शाप फिटला, आणि बगळेतुऱ्यांनी आसनावर बसून पहिला शिक्का उमटवला: पुलाचे काम पुढे चालवा.

मैना पुढे उडाली, साळू मागून धावली. पुलावर हरबा थापी झटकत होता.

"चुना वाळला की," तो म्हणाला. "कुठे होतीस?"

"विडा लावत होते. अहो, त्या दिवशी मी बोलले ते..."

"कधी? सकाळी? मी तर विसरलो."

"विसरू नका. मी ते परत घेतलंय."

दिवाळीपूर्वी पूल पुरा झाला. साळूची नाव खुंटीलाच राहिली. संध्याकाळी ती तीत बसते, डोक्यावरून गाड्या जाताना ऐकते आणि तिला बरे वाटते. आसने आजही बदलतात, पण विडा दिल्यावाचून कोणी उठत नाही.

तो थांबवण्याचा हुकूम राजाने पुलाच्या पहिल्या कमानीला टांगून ठेवला आहे. सातही प्रधानांना आता सगळे आठवते आणि सातही जण म्हणतात, शिक्का मी उमटवला नाही. शिक्का खरा आहे. खाली वेळ लिहिली आहे: चैत्र शुद्ध दशमी, भर मध्यान्ह. त्या घटकेला सातही आसने रिकामी होती.