टिमकी मुशी आणि उदार खेकडोबा

एक होती मुशी. मुशी म्हणजे शार्कच, पण ही अगदी पिटुकली. वीतभर लांब. नाव तिचं टिमकी.

टिमकी राहायची खाडीत. तिवराच्या झाडाच्या मुळाशी. तिथं होती एक खळगी. खळगीचं तोंड एवढंसं. मोठ्या माशांना आत शिरताच येत नसे. म्हणून टिमकी निवांत झोपायची.

एकदा टिमकी गेली खाऊ शोधायला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. परत आली. बघते तर काय, खळगीत खेकडोबा! नांग्या पसरून ऐसपैस बसलेले.

"खेकडोबा, खेकडोबा, ही माझी खळगी."

"कटकट कटकट! तुझी होती. आता मी बसलोय ना?"

"मग मी कुठं झोपू?"

"समुद्र केवढा मोठा आहे! मी काय अख्खा समुद्र घेतलाय?"

वा! किती उदार हो खेकडोबा!

बाहेर फिरत होते मोठे मोठे मासे. तोंडं उघडून. टिमकी घाबरली. पण रडत बसली नाही. निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

खडकाच्या कपारीत राहायची पट्टूमावशी. तीपण मुशीच. अंगभर पट्टे. डोळे मिटलेले.

"मावशी, मावशी! खेकडा खळगी सोडीना. तू खेकड्याला हाकल."

"घुर्रर्र... नाही गं बाई. फार दमलेय."

"कशानं दमलीस?"

"झोपून झोपून!"

अरे अरे! केवढे ते कष्ट!

टिमकी पुढं निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

पोवळ्यांच्या बागेत राहायची काळटोकीताई. तीपण मुशीच. पाठीवरच्या पराचं टोक काळंकुळं. ते मिरवत ती गोल गोल फिरत होती.

"ताई, ताई! खेकडा खळगी सोडीना, मावशी खेकड्याला हाकलीना. तू मावशीला उठव."

"मी? त्या कपारीत? माझं टोक घासलं तर?"

बरोबरच आहे. टिमकीला कुणी गिळलं तर गिळू दे. टोक नको घासायला!

टिमकी पुढं निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

वाळूच्या मैदानावर राहायचे कानूकाका. डोकं हातोडीसारखं. एक डोळा या टोकाला, एक डोळा त्या टोकाला.

"काका, काका! खेकडा खळगी सोडीना, मावशी खेकड्याला हाकलीना, ताई मावशीला उठवीना. तुम्ही ताईला ढुशी द्या."

"कुठाय ताई? मला तर कुणीच दिसत नाही."

बघा बघा! डोळे दोन दिशांना, आणि दिसत नाही म्हणे!

टिमकी पुढं निघाली. आता पाणी निळं झालं. मग गडद निळं झालं. सुळुक... सुळुक...

खोल पाण्यात राहायचे ठिपकेआजोबा. होडीहून मोठे. तोंड हे एवढं! आणि खायचे काय? जवळा! नखाएवढी कोलंबी ती.

"आजोबा, आजोबा! खेकडा खळगी सोडीना, मावशी खेकड्याला हाकलीना, ताई मावशीला उठवीना, काका ताईला ढुशी देईनात. तुम्ही काकांना ढकला."

"पोरी, मी फार मोठा. मोठ्यांची कामं मोठी."

"कुठलं काम, आजोबा?"

"तोंड उघडायचं. मग मिटायचं."

बाप रे! जीव जाईल हो कामानं!

आता मात्र टिमकीला रडू आलं. पुढं नुसतं पाणी. सांगायचं तरी कुणाला?

तेवढ्यात नाकापुढून आला गुलाबी ढग. चुरुचुरु, चुरुचुरु. जवळाच तो!

"काय झालं गं टिमकी?"

असं अजून कुणीच विचारलं नव्हतं. टिमकीनं डोळे पुसले.

"जवळ्या, जवळ्या! खेकडा खळगी सोडीना, मावशी खेकड्याला हाकलीना, ताई मावशीला उठवीना, काका ताईला ढुशी देईनात, आजोबा काकांना ढकलीनात. तू आजोबांच्या तोंडात जाऊ नकोस."

"खेकडा? तो नांगीवाला? आमच्या पोरांना चिमटे काढतो तो! चला रे, फिरा मागं!"

चुरुचुरु, चुरुचुरु, अख्खा ढग मागं फिरला.

आजोबांनी तोंड उघडलं. मिटलं. आत नुसतं पाणी!

"जवळ्या, जवळ्या, रुसू नकोस! हा बघ, मी काकांना ढकलतो."

काका म्हणाले, "ढकलू नका, ढकलू नका! मी ताईला ढुशी देतो." लगेच दिसली बरं का ताई!

ताई म्हणाली, "ढुशी नको, ढुशी नको! मी मावशीला उठवते."

मावशी म्हणाली, "उठले, उठले! मी खेकड्याला हाकलते."

मावशी आली खळगीशी. नाक लावून हुंगलं. मावशीला खेकडे फार आवडायचे. खायला!

"अहो, मी निघालोच होतो!" खेकडोबा म्हणाले. "खळगी जरा अरुंदच आहे म्हटलं."

आणि तुरुतुरु, तुरुतुरु, आडवे आडवे पळाले.

टिमकी खळगीत शिरली. सुळुक! अंगाचं मुटकुळं केलं. डोळे मिटले.

बाहेर मात्र गडबड. मावशी म्हणाली, "मीच हाकललं." ताई म्हणाली, "मीच उठवलं." काका म्हणाले, "मीच ढुशी देणार होतो." आजोबा म्हणाले, "मी नसतो तर काही झालंच नसतं."

आणि जवळा? आजोबांच्या तोंडाला वळसा घालून तो गेला आपल्या वाटेनं. चुरुचुरु, चुरुचुरु.

भरती चढली, गोष्ट सरली. पोरांनो, आता मिटा डोळे!