टिबुकलीची बुडी

एक होतं तळं. तळ्यात राहायची एक टिबुकली.

टिबुकली म्हणजे मुठीएवढं पाणपाखरू. मान आखूड, चोच टोकदार, शेपूट नसल्यासारखंच. ती पाण्यावर तरंगायची आणि टुब्बुक, बुडी मारायची. इकडे बुडायची, तिकडे निघायची.

टिबुकलीला होतं एक पिल्लू. पिल्लू बसायचं आईच्या पाठीवर, दोन पंखांच्या मध्ये. त्यांच्या घरात रीतच तशी. बुडी येईपर्यंत पाठीवर. बुडी आली की खाली.

पिल्लू होतं बोराएवढं. मग झालं लिंबाएवढं. टिबुकलीची पाठ लागली दुखायला.

ती म्हणाली, "चल रे बाळा, आज बुडी शिकू."

तिनं मान वाकवली. पण टुब्बुक झालंच नाही. झालं फचाक.

तळ्यावर पसरलं होतं हिरवं शेवाळ. जाड जाड, चिकट चिकट. बुडी मारायला जागाच नाही. टिबुकलीच्या डोक्यावर बसली शेवाळाची टोपी.

पिल्लू म्हणालं, "आई, ही बुडी होती का?"

"नाही रे. ही टोपी होती."

टिबुकलीनं टोपी झटकली. ती गेली तळेदादांकडे.

"तळेदादा, तळेदादा, उघडा ना."

"का गं टिबुकले?"

"पिल्लू उतरेना,
टिबुकलीची पाठ दमली हो दमली."

तळेदादांनी दिली मोठ्ठी जांभई. म्हणाले, "कसा उघडू? शेवाळ बसलंय अंगावर. शेवाळ सरकलं तर मी उघडतो."

टिबुकली निघाली. चिकट चिकट, ओढ पाय. चिकट चिकट, ओढ पाय.

"आई, आलं का?"

"अजून थोडं."

शेवाळमावशी बसल्या होत्या पसरून.

"शेवाळमावशी, शेवाळमावशी, सरका ना."

"का गं टिबुकले?"

"तळं उघडेना,
पिल्लू उतरेना,
टिबुकलीची पाठ दमली हो दमली."

मावशींनी दिला मोठ्ठा ढेकर. म्हणाल्या, "कशाला सरकू? ओढा येतो, जेवण आणतो. सकाळी ताट, दुपारी ताट. भरल्या ताटावरून कुणी उठतं का? मागं एक कासव आलं होतं मला उठवायला. मी म्हटलं, बसा हो, दोन घास खा. ते बघ, अजून बसलंय."

खरंच, एक कासव बसलं होतं. तोंडात शेवाळ, डोक्यावर शेवाळ. टिबुकलीकडे बघून त्यानं मान आत घेतली.

मावशी म्हणाल्या, "ओढा रिकामा आला तर मी सरकते."

टिबुकली निघाली. आता जायचं होतं जमिनीवरून. टिबुकलीचे पाय असतात खूप मागे. पोहायला छान, चालायला वाईट. उडावं, तर पिल्लू पडेल. म्हणून ती चालली. फतक फतक, धप्प. फतक फतक, धप्प.

"आई, आलं का?"

"अजून थोडं."

ओढेभाऊ येत होते वरून. झुळूझुळू, झुळूझुळू.

"ओढेभाऊ, ओढेभाऊ, रिकामे या ना."

"का गं टिबुकले?"

"शेवाळ सरकेना,
तळं उघडेना,
पिल्लू उतरेना,
टिबुकलीची पाठ दमली हो दमली."

ओढेभाऊ म्हणाले, "अगं, मी तर हमाल. वरचा माल खाली नेतो. वर आहेत रानं, शेतकऱ्यांची. रानात टाकतात पांढरं पांढरं खत. पाटाचं पाणी सुटलं की खत विरघळतं, वाहतं, माझ्या डोक्यावर येतं. वाटेत ठेवू कुठं? बांधानं अडवलं तर मी रिकामा येतो."

टिबुकली निघाली. आता होता चढ. फतक फतक, धप्प. फतक फतक, धप्प.

"आई, आलं का?"

"अजून थोडं."

"मघाशीपण थोडंच होतं."

टिबुकलीनं पुढचा पाय टाकला. पिल्लू आता पेरूएवढं जड लागत होतं.

पुढे दिसले बांधकाका. बांध म्हणजे दोन रानांमधली मातीची भिंत. वरचं रान एकाचं, खालचं रान दुसऱ्याचं, मध्ये बांध. पण हे बांधकाका होते बारीक. अगदी दोरीसारखे बारीक.

"बांधकाका, बांधकाका, अडवा ना."

"का गं टिबुकले?"

"ओढा रिकामा येईना,
शेवाळ सरकेना,
तळं उघडेना,
पिल्लू उतरेना,
टिबुकलीची पाठ दमली हो दमली."

बांधकाकांनी टाकला मोठ्ठा उसासा. म्हणाले, "काय अडवू गं? मी होतो केवढा रुंद. माझ्यावरून बैलगाडी जायची. माझ्यावर गवत होतं गुडघ्याएवढं. आता बघ. वरून नाना कुदळ मारतात, खालून काकू कुदळ मारतात. दोघांना आपलं रान हवं मोठं. मी झालो सुतळी. पाणी येतं आणि मला ओलांडून जातं. नाना थांबले तर मी अडवतो."

टिबुकली निघाली वरच्या रानात. फतक फतक, धप्प. फतक फतक, धप्प.

वरच्या रानात होते भिकूनाना. डोक्याला मुंडासं, हातात कुदळ. खाट् खाट्, बांध कोरत होते.

"नाना, नाना, थांबा ना."

"का गं टिबुकले?"

"बांध अडवेना,
ओढा रिकामा येईना,
शेवाळ सरकेना,
तळं उघडेना,
पिल्लू उतरेना,
टिबुकलीची पाठ दमली हो दमली."

नाना म्हणाले, "मला काय हौस आहे? त्या गोजराबाई एक कुदळ मारतात, मग मी एक मारतो. मी का कमी पडू? काकू थांबल्या तर मी थांबतो."

टिबुकली निघाली खालच्या रानात. बांध होता बारीक. पाय ठेवला, घसरली. धप्प. या वेळी नुसतंच धप्प.

"आई, आलं का?"

"माहीत नाही रे बाळा."

खालच्या रानात होत्या गोजराकाकू. पदर खोचलेला, हातात कुदळ. खाट् खाट्, बांध कोरत होत्या.

"काकू, काकू, थांबा ना."

"का गं टिबुकले?"

"नाना थांबेनात,
बांध अडवेना,
ओढा रिकामा येईना,
शेवाळ सरकेना,
तळं उघडेना,
पिल्लू उतरेना,
टिबुकलीची पाठ दमली हो दमली."

काकू म्हणाल्या, "वा गं वा. आधी मी थांबू? दिवाळीला मी फराळाचं ताट पाठवलं. ते झाकणसुद्धा न काढता परत आलं. सांग तुझ्या नानांना. नाना थांबले तर मी थांबते."

टिबुकली गेली नानांकडे. नाना म्हणाले, "काकू थांबल्या तर."

टिबुकली आली काकूंकडे. काकू म्हणाल्या, "नाना थांबले तर."

फतक फतक, धप्प. काकू थांबल्या तर.

फतक फतक, धप्प. नाना थांबले तर.

वर गेली, खाली आली. खाली आली, वर गेली. पंख लोंबले. चोच उघडी राहिली. पिल्लू आता नारळाएवढं लागत होतं.

बांधावर पोचली आणि टिबुकली खाली बसली. पुढं जाईना, मागं जाईना. तिनं डोळे मिटले.

नानांनी कुदळ उचलली. म्हणाले, "ऊठ गं टिबुकले. मला कोरायचंय."

काकूंनी कुदळ उचलली. म्हणाल्या, "ऊठ गं टिबुकले. मलापण कोरायचंय."

टिबुकली उठेना. पिल्लानं पंखातून डोकं बाहेर काढलं. म्हणालं, "हळू बोला. आई झोपली."

आता काय करणार? त्या गावात पिल्लाच्या आईजवळ कुदळ मारत नाहीत. रानात टिटवीनं अंडी घातली तर नांगरसुद्धा वळसा घालून जातो. नानांची कुदळ राहिली वर. काकूंची कुदळ राहिली वर.

हात लागले दुखायला. नानांनी कुदळ ठेवली खाली. काकूंनीपण ठेवली खाली. नाना बसले वरच्या रानात. काकू बसल्या खालच्या रानात. मध्ये झोपली टिबुकली. घुर्र घुर्र.

झोपेत ती लागली घसरायला. बांध बारीक ना.

काकू हळूच म्हणाल्या, "भावजी, पाखरू तुमच्याकडे कललंय."

किती दिवसांनी बोलल्या होत्या त्या नानांशी. नाना खाली बघत म्हणाले, "कलणारच, वहिनी. माझ्या बाजूला माती कमी आहे."

"मग लावा की थोडी."

नानांनी एक ढेकूळ उचललं. टिबुकलीच्या पोटाखाली सारलं, थप्प. टिबुकली कलली काकूंकडे. काकूंनी एक ढेकूळ सारलं, थप्प. टिबुकली कलली नानांकडे.

नाना म्हणाले, "माझं ढेकूळ मोठं होतं."

काकू म्हणाल्या, "असं का? मग हे घ्या." आणि सारली दोन ढेकळं. थप्प थप्प.

"मी काय कमी पडतो?"

"मी तरी कुठं कमी पडते?"

थप्प थप्प इकडून. थप्प थप्प तिकडून. नाना हटेनात, काकू हटेनात. टिबुकली झोपेतच वर वर चालली. बांधकाका लागले फुगायला. सुतळीचे झाले दोरखंड. दोरखंडाचा झाला ओंडका. ओंडक्याचे झाले चांगले रुंद, बैलगाडीएवढे.

शेवटी नाना बसले बांधावर. काकूपण बसल्या बांधावर. आता दोघांना बसायला जागा होती. काकूंनी फडक्यातली भाकरी सोडली. अर्धी नानांपुढं ठेवली. नानांनी या वेळी परत केली नाही. म्हणाले, "ठेचा आहे का, वहिनी?"

"आहे. पण तिखट आहे."

"असू दे."

दुसऱ्या दिवशी काकूंनी ओढ्याकडच्या बांधालाही माती लावली. ते शेजारच्या रानातल्या मंडळींनी पाहिलं. त्यांना वाटलं, आपलाच बांध बारीक दिसतोय. त्यांनी लावली माती. त्यांच्या शेजाऱ्यांनी लावली माती. बांधांवर गवत आलं. आधी मिशीएवढं, मग गुडघ्याएवढं.

हे काही एका दिवसात झालं नाही. टिबुकली काठावर बसून राहिली. माश्या पकडायची, पिल्लाला भरवायची. पिल्लू विचारायचं, "आई, आलं का?" ती म्हणायची, "अजून थोडं." आता तिलासुद्धा ते खरं वाटायला लागलं होतं.

मग पाटाचं पाणी सुटलं. पाणी आलं बांधाशी आणि थांबलं. खत राहिलं रानात.

ओढेभाऊ आले रिकाम्या डोक्यानं. झुळूझुळू, झुळूझुळू, हलके हलके.

शेवाळमावशींनी ताट बघितलं. ताट रिकामं. दुपारचं ताट, तेही रिकामं. मावशी झाल्या बारीक. पातळ झाल्या, फाटल्या, काठाला लागल्या. कासवानं डोकं झटकलं आणि ते निघून गेलं.

काठाला आले नाना, आल्या काकू, आलं सगळं गाव. कुणी दाताळं आणलं, कुणी टोपली. शेवाळ ओढलं काठावर, सरक सरक.

काकूंनी शेवाळाचा वास घेतला. म्हणाल्या, "भावजी, हे तर आपलंच खत. इथं येऊन बसलं होतं."

नाना म्हणाले, "चला तर मग, घरी नेऊ त्याला." टोपल्या भरल्या, रानात गेल्या.

मग बघा कसं झालं.

काकू थांबल्या,
नाना थांबले,
बांधानं अडवलं,
ओढा रिकामा आला,
शेवाळ सरकलं,
तळं उघडलं.

मधोमध पाणी. काळं निळं, स्वच्छ पाणी.

टिबुकली गेली पाण्याच्या मधोमध. पिल्लू तिच्या पाठीवर उभं राहिलं. खाली बघितलं. परत बसलं.

"आई, खोल आहे का?"

"आहे."

"तू आहेस का?"

"इथंच आहे."

पिल्लानं चोच पुढं केली. मान वाकवली. आणि टुब्बुक.

पाण्यावर उठलं एक गोल, मग मोठं गोल, मग त्याहून मोठं गोल. टिबुकली बघत राहिली. इकडे कुणी नाही. तिकडे कुणी नाही.

मग पार त्या तिकडे, कमळाच्या पानाशी, डुबुक. एक डोकं वर आलं. डोक्यावर टोपी नव्हती. चोचीत होता एक मासा, शेवईएवढा.

"आई, ही बुडी होती का?"

"हो रे बाळा. ही बुडी होती."

पिल्लू परत पाठीवर आलं नाही. त्यानं मारली दुसरी बुडी, आणि तिसरी. टिबुकलीची पाठ झाली हलकी. तिनं पंख मिटले. मान पिसांत खुपसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाण्यावर झोपली, डुलत डुलत, डुलत डुलत.

टिबुकलीचं पिल्लू उतरलं पाठीवरून. गोष्ट आली काठावर. आता तुम्ही उतरा मांडीवरून.