पेवाचं तोंड

“आणि हे पेव रिकामं झालं की मग काय खायचं, महाराज?”

दौलतगिराने हे तिसऱ्यांदा विचारलं. मोतीगिर महाराज मठाच्या पायरीवर आपली फाटकी छाटी शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

भाद्रपदातल्या पुराने नदीकाठचं उभं पीक नेलं होतं. पलीकडच्या गावांचा जोंधळा ज्या पुलावरून गाड्यांनी येई, तो पूलही गेला होता. बाजारात भाव आधी दुप्पट झाला, मग तिप्पट. व्यापारी वखारींना कुलपं ठोकून ‘माल नाही’ म्हणत हात झटकत होते. मठाच्या टेकाडावर मात्र जमिनीच्या पोटात पेवभर जोंधळा होता, आणि त्याची राखण दौलतगिराकडे होती. राखणदाराने किती ऐट करावी याला काही सुमार असतो. दौलतगिराला तो ठाऊक नव्हता.

पायरीखाली पारू कुंभारीण बसली होती. तिची भट्टी आणि विकायची मडकी पुरात वाहून गेली होती. मांडीवरची दोन्ही पोरं रडूनरडून दमली होती.

“हे व्यापारी पोटात शिरून पाय पसरणारे आहेत,” दौलतगिर म्हणाला. “आपण वाटलेलाच जोंधळा आपली माणसं घालून उचलतील आणि चढ्या भावाने विकतील. शिमग्यापर्यंत दम धरू. खरी टंचाई पुढेच आहे.”

महाराजांनी सुई छाटीत टोचून ठेवली.

“आज बाजार ना रे?”

“हो.”

“मग दगड काढ.”

“पण महाराज...”

“काढ.”

दौलतगिर मनातून चांगलाच चरफडला. तरी त्याने पहार आणली आणि टेकाडाखालच्या भरल्या बाजाराच्या देखत पेवावरची शिळा बाजूला केली.

बंद पेवात कोणी लगेच उतरत नाही. आतली कोंदट हवा माणसाचा जीव घेते. तोंड उघडं ठेवायचं, उन्हं कलली की कंदील सोडून पाहायचा. तो जळत राहिला तरच उतरायचं.

म्हणून दोघं बसून राहिले. दुपारी महाराजांनी आपल्या वाटची भाकरी पारूच्या पोरांपुढे ठेवली.

मठाचं पेव उघडल्याची बातमी वाऱ्यासारखी पसरली. एका व्यापाऱ्याचा माणूस आला, वाकून पाहून गेला. थोड्या वेळाने पहिल्या वखारीचं कुलूप निघालं. मग दुसरीचं. उद्या भाव पडणार म्हटल्यावर माल धरून कोण बसतो? ऊन उतरेपर्यंत जोंधळ्याचा भाव निम्म्यावर आला. पिशव्या घेऊन सगळा गाव बाजाराकडे पळाला.

दौलतगिर आनंदाने उठून उभाच राहिला. त्याचे डोळे खरोखर भरून आले.

“महाराज! एक दाणा न देता भाव उतरला! गाव तरला आणि पेवही शाबूत राहिलं. तुमची युक्ती आता कळली मला. दगड बसवतो.”

महाराजांनी कंदील पेटवून पेवात सोडला. ज्योत स्थिर राहिली.

मग त्या सत्तरीच्या माणसाने दोर घेतला आणि स्वतःच्या कमरेला बांधू लागला.

“हे काय, महाराज? आता कशाला उतरायचं?”

महाराजांनी गाठ ओढून पाहिली.

“भाव उतरला ना!” दौलतगिर काकुळतीला आला. “आता सगळ्यांनाच परवडतंय...”

पायरीखाली पारू होती तिथेच बसली होती. बाजाराकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

महाराजांनी दोराचं दुसरं टोक दौलतगिराच्या हातात दिलं आणि पेवात पाय सोडले.

“घट्ट धर,” ते म्हणाले. “आणि तिला विचार, कुठल्या भावाने परवडेल.”