बिनचिठ्ठीचं झाड

घाटाखालच्या एका वाडीत धाकूबाबा राहायचे, झाडपाल्याचं औषध देणारे. त्यांच्यापाशी शिकायला होता विश्राम. आणि ओढ्यापलीकडे नांदायची सुभद्राकाकी, तिचा मुलगा सावळा आणि त्यांची गाभण म्हैस. शेत नाही, नोकरी नाही. घर चालायचं ते त्या एका म्हशीवर.

तर...

"पाजू ना, बाबा?"

विश्राम गोठ्यात उभा. एका हातात काढ्याचं पातेलं, दुसऱ्यात बांबूची नळी. तो पुढे पळत आला होता. बाबा आत्ता कुठे काठी टेकत ओढा ओलांडून पोचले होते.

म्हैस तीन दिवस हगवणीने खंगलेली. आज तर खालीच बसलेली. गुरांचा डॉक्टर उद्या येणार होता.

"कशाचा काढा?"

"कुड्याच्या सालीचा."

"कुठला कुडा?"

विश्राम हसला. "दारातलाच की! दारात औषध आणि ही मायलेकरं रडतायत."

दारात पुरुषभर उंचीचं झुडूप होतं. पांढऱ्या फुलांनी नुसतं भरलेलं. सावळ्याने तीन वर्षांमागे तालुक्याच्या नर्सरीतून आणलं होतं. नावाची चिठ्ठी वाटेत कुठे गळून पडली. तेव्हापासून सगळी त्याला 'ते पांढरं' म्हणायची.

बाबा झुडपापाशी गेले. फूल हुंगलं. पान मोडलं, चीक बघितला. मग काकीला विचारलं, "बाय, ह्याला शेंगा धरतात काय गं? लांब, जोडीजोडीने?"

"नाही हो बाबा. नुसती फुलं. गळतात नि जातात."

बाबांनी मोडलेलं पान खाली टाकलं.

"मला हे झाड ठाऊक नाही," ते म्हणाले.

काकीने तोंडावर हातच नेला. अख्ख्या खोऱ्यातून पाला दाखवायला माणसं ह्यांच्याकडे यायची, आणि हे म्हणतात ठाऊक नाही!

विश्रामचे कान तापले. "फूल कुड्याचं, पान कुड्याचं, चीक कुड्याचा. तीनशे झाडं येतात मला, बाबा. नजर माझी शाबूत आहे अजून."

टोमणा सगळ्यांना कळला. बाबांनाही.

"काल सांजेला आवतण दिलंस?"

त्यांच्यात तशी रीतच होती. ज्या झाडाची साल काढायची त्याच्या बुडाशी आदल्या सांजेला तांदूळ ठेवायचे, त्याला नावाने हाक मारायची आणि सांगायचं, उद्या येतो.

"विकतच्या झाडाला कसलं आवतण! ते रानातल्या झाडांना."

"आता दे. मार हाक."

"काय बाबा पोरखेळ... तिकडे म्हैस मरतेय!"

"अहो बाबा, तुमचं गुरूचेल्याचं नंतर बघा," काकी रडकुंडीला आली. "माझं दावं रिकामं झालं तर आम्ही खायचं काय?"

विश्रामला तेवढं पुरलं. "काकी, भिऊ नका. आधी मी पितो. मग तर झालं?"

त्याने पातेलं ओठाला लावलं.

आणि बाबांची काठी फिरली.

खाडकन्! पातेलं भिंतीवर, काढा शेणात. विश्रामच्या मनगटावर वळ उठला. ज्या बाबांनी कधी कुत्र्यावर काठी उगारली नव्हती, त्यांनी मारलं. सावळा होता तिथेच खिळला. काकीचं रडणं बंद झालं.

"विषारी आहे?" विश्रामने विचारलं.

"ठाऊक नाही."

"मग मारलंत का?"

"ठाऊक नाही म्हणून."

काकी भानावर आली ती कोयता घेऊनच. "तोडते मेल्याला!"

बाबा आडवे आले. "त्याने काय केलं? ते म्हणालं का, मी कुडा आहे म्हणून?"

मग त्यांनी झोळीतून सुकी साल काढली. पठारावरच्या कुड्याची. त्या झाडाची फुलं, शेंगा, बी, सगळं त्यांनी वर्षानुवर्षं बघितलेलं. ती उकळली आणि नळीने थोडीथोडी पाजली. वर तांदळाची पेज. विश्राम नळी धरून होता, मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला, त्याने सुई टोचली, बाटली लावली. तिसऱ्या दिवशी म्हैस उठून उभी राहिली.

दोन महिन्यांनी व्याली, पारडी झाली. दूध इतकं, की काकीच्या घरचं तूप बाजाराला जाऊ लागलं. सावळ्याला मुलगी सांगून आली. पाहुणे आले त्या दिवशी काकीने ओटीवर सगळ्यांना बासुंदी वाढली. बाबा आणि विश्रामही होते.

मुलीचा बाप दाराकडे बघत म्हणाला, "काय फुललंय हो! कसलं झाड हे?"

काकीने विश्रामकडे बघितलं.

विश्रामने बासुंदीची वाटी खाली ठेवली. झाडाकडे एकदा बघितलं.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला.

बाबांनी बोट चाटलं.

"चला. एक झाड आलं तुला."