खिंडीतल्यांचं गाऱ्हाणं

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, तेव्हा मी नव्हतो आणि तुम्हीही नव्हता. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. वर खिंड होती आणि खिंडीत राजाची चौकी. चौकीवरची माणसं वाटमाऱ्यांना अडवायची, पुरात अडकलेल्यांना बाहेर काढायची, वणवा लागला की ओले डहाळे घेऊन तो झोडपायची. गावात ती क्वचितच उतरायची. उतरली तर चौकी कोण सांभाळणार?

गावाची एक रीत होती. ठरल्या वारी सगळे देवळात जमायचे. गावचा मानकरी देवापुढे उभा राहून मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागायचा. प्रत्येक मागण्याला लोक एका आवाजात म्हणायचे, "व्हय महाराजा!"

या मानकऱ्याच्या घरी नवी सून आली. डोक्यात सारखे प्रश्न. तिनं पहिल्यांदाच गाऱ्हाणं ऐकलं आणि घरी येता येता सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, एक विचारू?"

"नको म्हटलं तर थांबणारेस का?"

"तुम्ही विंचवाचं नाव घेतलंत. वाघाचं घेतलंत. चोराचंही घेतलंत, त्याची वाट चुकव म्हणून. मग चोराला अडवणाऱ्यांचं का नाही घेतलं?"

सासरा थबकला. "ते आपल्या गावचे नाहीत. आणि देवळात येतात कुठं? जो 'व्हय' म्हणायला हजर, त्याच्यासाठी मागायचं. रीत आहे."

"पण ते खिंडीत बसतात म्हणूनच आपण देवळात बसतो ना?"

"राजाचा भात खातात ते. त्यांचं कामच आहे."

"राखण करणं देवाचंही कामच आहे. मग त्याला नारळ कशाला?"

"तुझ्या माहेरी तोंडाला झाकण नसतं काय गो?" असं म्हणून म्हातारा भराभर पुढे निघून गेला.

उन्हाळ्यात भर दुपारी डोंगराला वणवा लागला. वारा गावाकडे. चौकीवरची माणसं धावत खाली आली आणि त्यांनी झोडपून झोडपून आग गावाच्या कडेला रोखली. मानकऱ्याचा गोठा मात्र पेटला. आत दोन बैल. मानकरी बाहेर उभा राहून नुसता ओरडत होता, "मोऱ्या! चंद्र्या!"

चौकीवरला एक जण आत शिरला. त्यानं कोयत्यानं दावी कापली, बैल बाहेर हाकलले, आणि वरचा जळता वासा त्याच्याच अंगावर आला.

साथीदारांनी त्याला ओढून काढलं, मानकऱ्याच्या ओटीवर निजवलं. पण वर रान अजून धुमसत होतं, त्यांना थांबता येईना. ते परत गेले. वैद्यानं लेप लावला आणि मान हलवली. "माझ्या हातात होतं ते केलं. पुढचं देवाला सांगा," म्हणाला.

मानकरी नारळ घेऊन देवळाकडे पळाला. मागोमाग अख्खं गाव.

"देवा महाराजा," त्यानं सुरुवात केली, "आज तुझ्या पायाशी आलोय. ह्या... ह्या आमच्या..."

आणि अडला. गाऱ्हाण्यात नाव लागतं, ठिकाण लागतं.

"नाव काय रे त्याचं?"

कुणाला ठाऊक नव्हतं. बैलांची नावं गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. माणसाचं नाव कुणी कधी विचारलंच नव्हतं, आणि आता तो बेशुद्ध.

"अरे, कोणासाठी मागू मी?" म्हातारा रडकुंडीला आला.

सून केव्हाच डोंगर चढू लागली होती. चौकीपाशी काजळीनं काळा झालेला एक राखणदार भेटला. त्यानं तिच्याकडे तिरकं पाहिलं. "नाव कशाला? गोठा वाचला नाही म्हणून राजाकडे तक्रार करायचीय?"

"नाही हो, दादा. देवाला सांगायचंय."

"आमचं? देवाला?" तो दगडावर बसला. मग म्हणाला, "सटवाजी त्याचं नाव. पलीकडच्या खोऱ्यातला. म्हातारी आई आहे घरी."

"आणि तुमचं?"

"माझं कशाला? मला काय झालंय?"

"काही व्हायच्या आधी सांगा."

तो हसला. येसू म्हणून सांगितलं, मग बाकीच्यांचीही नावं सांगितली.

ती खाली आली तेव्हा गाव तसंच उभं होतं. मानकऱ्यानं हात जोडले. "देवा महाराजा, पलीकडच्या खोऱ्यातल्या सटवाजीला तुझ्या पदरात घालतो. माझी गुरं त्यानं राखली, त्याचा जीव तू राख."

"व्हय महाराजा!"

"खिंडीतला येसू आणि त्याचे साथीदार उन्हापावसात उभे राहतात, म्हणून आम्ही इथं सुखानं उभे आहोत. त्यांचे उपकार आम्ही कधी बोलून दाखवले नाहीत. ती चूक पोटात घाल, आणि त्यांना धडधाकट घरी पोचव."

"व्हय महाराजा!" असा आवाज झाला की खिंडीत ऐकू गेला म्हणतात.

सटवाजी जगला. हात वाकडा राहिला, पण आईला भेटून आला. लेपानं जगला की गाऱ्हाण्यानं, ते वैद्याला विचारा, मला विचारू नका. एक मात्र मला ठाऊक आहे. दर वेळी नावं घेऊ लागल्यावर लोकांना प्रश्न पडू लागले. येसूला वर पाणी कोण देतं? थंडीत ते पांघरतात काय? आणि मग पेजेची मडकी नि घोंगड्या डोंगर चढू लागल्या. ती घेऊन गेलेल्यांना खाली पोचवायला चौकीवरचं कुणी ना कुणी सोबत येई, आणि गावानं त्यांच्यासाठी देवळात बसायला जागा राखली.

बोध एवढाच: आपल्यासाठी जो धोक्यात उभा राहतो, त्याचं ते कामच आहे म्हणून गप्प बसू नका, त्याचं नाव विचारा आणि देवापुढे आधी त्याच्यासाठी हात जोडा.