सारवलेल्या जमिनीची साक्ष

सूर्य डोक्यावर आला की तुळसाचं घर पाडलं जाणार होतं आणि तिला बारा वर्षं किल्ल्यावर दगड फोडायला जावं लागणार होतं!

गुन्हा काय? तिच्या मागच्या खोलीत हवालदाराच्या शिपायांना धोत्र्याच्या गुंगीच्या गोळ्यांचं मडकं सापडलं. या गोळ्यांवर भैरवसेन महाराजांचा भलता राग. दसऱ्याच्या मिरवणुकीत त्यांच्या माहुताने एक गोळी खाल्ली आणि पठ्ठ्या हत्तीवर शेपटीकडे तोंड करून बसला! सारं गाव हसलं. त्याच दिवशी दवंडी पिटली, ‘ज्याच्या घरात गोळ्या बनतील, त्याचं घर पाडा आणि त्याला दगड फोडायला धाडा!’

तुळसा राजवाड्याचं अंगण सारवायची. नवऱ्यामागे स्वतःच्या हातांनी भिंती लिंपून तिने ते दोन खोल्यांचं घर उभं केलं होतं. मागची खोली नागोजी वैद्याला भाड्याने दिली होती. वैद्य आपला नावाचाच, त्याने कुणाची साधी शिंकही कधी थांबवली नव्हती.

“मडकं माझं नाही, महाराज!” दरबारात नागोजीने हात जोडले. “कोपऱ्यात पुरलेलं निघालं. खोली दर सोमवारी हीच सारवते. मी शेणाला बोटसुद्धा लावत नाही!”

“खोटं बोलतोय मेला!” तुळसा उसळली. “ह्या सोमवारी ह्यानं मला उंबऱ्यावरनंच परत लावलं!”

“साक्षीदार?”

“कोण न्हाई, महाराज.”

“माणसं खोटंच बोलतात!” महाराज गरजले. “घर तुझं ना? मग घरालाच सांगू दे गोळ्या कुणी केल्या ते! दुपारपर्यंत बोललं तर वाचलं, नाहीतर पडलं!”

दरबारी मिशीत हसले. भिंती कधी बोलल्यात? तुळसाने मान खाली घातली. समोर तिनेच सकाळी सारवलेलं अंगण होतं. ते बघता बघता तिचा चेहरा उजळला.

“बोलंल, महाराज! पण घर काही दरबारात यायचं न्हाई. तुमालाच यावं लागंल.”

महाराज आले. मागून एका हातात पहार आणि दुसऱ्या हाताने नागोजीला धरून हवालदारही आला.

“उंबऱ्याबाहेरच थांबा!” तुळसा म्हणाली. हवालदाराने जीभ चावली, पण महाराज मुकाट थांबले.

“आता वाकून बघा. सारवणाचे फराटे कुठनं सुरू झालेत?”

“दारातून. कोपऱ्यातल्या खड्ड्याजवळचा फराटा सगळ्यात वरचा.”

“बाईमाणूस कोपऱ्यातनं सुरू करतं आन् मागं सरकत सरकत दारातनं बाहेर पडतं. हा गडी दारातनं सुरू झाला!”

“म्हणजे कोपऱ्यात कोंडला की!”

“कोंडला, आन् ओल्यावरनंच चालत सुटला. ही बघा पावलं! तुमच्या शिपायांची न्हाईत ती. जमीन वाळल्यावर वर हत्ती नाचला तरी ठसा उठत न्हाई.”

हवालदाराने नागोजीचा पाय ठशावर ठेवला. तंतोतंत बसला!

“पाऊल माझंच आहे, महाराज,” नागोजी घाईघाईने म्हणाला. “हिने सारवलं आणि मी चुकून ओल्यावरून चाललो. माझीच खोली ना!”

“हं... तेही होऊ शकतं,” महाराज म्हणाले. हवालदाराने पहार उचलली.

“मग आत जाणारं पाऊल दाखव!” तुळसा कडाडली. “सगळी पावलं बाहेर येणारी हायत. कोपऱ्यात पोचलास कसा? उडत?”

महाराज पोट धरून हसू लागले. “बोललं! घर बोललं! न्या रे याला किल्ल्यावर! आणि दवंडी बदला, ‘ज्याने गोळ्या केल्या, शिक्षा त्यालाच!’”

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तुळसाला दिलं. “आणखी काय हवं?”

“हवालदारांनी कोपरा खणून ठेवलाय, महाराज. तेवढा बुजवून खोली सारवून द्या.”

हुकूम सुटला. हवालदाराने खड्डा बुजवला, बाह्या सरसावल्या, शेणाचा मोठा गोळा घेतला आणि ऐटीत बसला तो बरोबर दारातच!

महाराज इतके हसले, की त्यांची पगडी उंबऱ्यात पडली.